ज्या व्रताला उद्यापन नाहीं

'व्रत' हा शब्द आपल्या घरांत इतका नित्याचा आहे कीं, त्याचा अर्थ थांबून पाहण्याचें आपणांस सहसा कारण पडत नाहीं. मंगळागौर पांच वर्षांची, अनंत चौदा वर्षांचा, चातुर्मासांतला नेम चार महिन्यांचा. मुदत भरली कीं उद्यापन होतें, ब्राह्मण-सवाष्ण जेवतात, वाण दिलें जातें आणि व्रत करणारें माणूस मोकळें होतें. कॅथलिक पंथांतील व्रतस्थ स्त्रीपुरुषांविषयीं मीं अलीकडे कांहीं वाचन केलें, तेव्हां मनांत प्रथम रुतली ती गोष्ट ही कीं, त्यांच्या अखेरच्या व्रताला उद्यापनच नाहीं. तें देह पडेपर्यंत चालावयाचें. आणि जें मिळावें म्हणून आपण बहुधा व्रत धरतों, म्हणजे संतति, संपत्ति, सौभाग्य, नेमकें तेंच तेथें आरंभीं देऊन टाकावयाचें!

एक खुलासा आधीं केला पाहिजे. प्रत्येक पाद्री या अर्थानें व्रतस्थ नसतो. बिशपच्या हाताखालीं गांवचें चर्च सांभाळणारा धर्मगुरु अविवाहित राहतो, आज्ञेंत राहण्याचें वचन देतो. पण चार पैसे त्याच्या स्वतःच्या नांवावर असूं शकतात. मी म्हणतों ते संघांत किंवा मठांत राहणारे लोक: बेनेडिक्टाइन, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट आणि अनेक भगिनीसंघ. 'ख्रिस्तपुराण' रचून मराठीला ऋणी करून ठेवणारे फादर स्टीफन्स हे यांतलेच, जेझुइट संघाचे. इंग्लंडांत जन्मलेला हा पुरुष १५७९ मध्यें गोव्यास आला आणि १६१९ मध्यें गोव्यांतच वारला.

यांचीं व्रतें तीन: अपरिग्रह, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. तीं न घेतल्यास ख्रिस्ती मनुष्यास पाप लागत नाहीं. नित्यकर्म चुकल्याचा प्रत्यवाय येथें नाहीं. ज्याला अधिक द्यावेंसें वाटेल त्यानें द्यावें, एवढेंच. पैकीं पहिलीं दोन आपणांस नवीं नाहींत. पतंजलीनें तीं यमांत घातलेलींच आहेत. तिसरें मात्र त्या यमांत नाहीं, आणि माझ्या मतें सगळें मर्म त्या तिसऱ्यांत आहे. आपला संन्यासी शिखासूत्र टाकतो तेव्हां तो घराच्या व समाजाच्या बंधनांतून बाहेर पडतो. हा मनुष्य उलट बंधनांत शिरतो. शिवाय ज्याची आज्ञा पाळावयाची तो गुरुच असेल असेंहि नाहीं. गुरूची आज्ञा आपणहि मानतों, कारण त्याचें ज्ञान आपण पाहिलेलें असतें. मठाधिपति हा निवडून आलेला, वयानें धाकटा, विद्येनें कमी असाहि असूं शकतो. तरी त्यानें 'अमुक गांवीं जा' म्हटलें कीं वळकटी बांधावयाची.

थॉमस अक्वायनस या तेराव्या शतकांतील आचार्यानें याची संगति लावून दिली आहे. अपरिग्रहानें बाहेरच्या वस्तु दिल्या जातात, ब्रह्मचर्यानें देहाचें सुख दिलें जातें, आज्ञापालनानें स्वतःची इच्छा दिली जाते. म्हणून तिसरें सर्वांत थोर. या आचार्याची स्वतःची हकीकत मौजेची आहे. डॉमिनिकन संघांत जाण्याचा त्यानें निश्चय केला, तेव्हां घरच्यांनीं १२४४ मध्यें त्याला वाटेंत पकडून आणलें आणि सुमारें वर्षभर कोंडून ठेविलें. घरांतल्या हुशार मुलानें भिक्षेकऱ्यांत जावें हें कोणत्या आईला रुचेल? पण तो बधला नाहीं. त्या संघांत आजहि व्रत घेतांना उच्चार होतो तो एकट्या आज्ञापालनाचा. बाकीचीं दोन त्यांत आलींच असें समजतात.

परंतु 'स्वतःची इच्छा देऊन टाकावयाची' असें म्हटलें कीं एक शंका येते, आणि ती यावीच. जी इच्छा कधीं आपल्या हातीं आलीच नाहीं, ती द्यावयाची कशी? या शंकेचें उत्तर मला सहाव्या शतकांतल्या एका नियमपुस्तकांत सांपडलें. इटालींतील माँटे कॅसिनोच्या मठांत संत बेनेडिक्ट यांनीं तें लिहिलें, आणि पाश्चात्य मठजीवन पुढें त्यावरच उभें राहिलें. त्याचें अठ्ठावन्नावें प्रकरण नवीन येणाऱ्याविषयीं आहे. माणूस दारांत आला तर त्याला सहजासहजीं आंत घेऊं नये. चार-पांच दिवस तो दार ठोठावीत राहिला, अपमान सोशीत राहिला, तर घ्यावें. दोन महिन्यांनीं सगळे नियम त्याला वाचून दाखवावे आणि सांगावें कीं, पाळतां येत असतील तर राहा, नसतील तर मोकळ्या मनानें जा. पुढें सहा महिन्यांनीं पुन्हा वाचन, त्यापुढें चार महिन्यांनीं पुन्हा. एवढें झाल्यावर त्यानें आपल्या हातानें प्रतिज्ञापत्र लिहून वेदीवर ठेवावें. लिहितां येत नसेल तर दुसऱ्याकडून लिहवून खूण करावी. मग अंगावरचे कपडे उतरवून त्याला मठाचे कपडे द्यावे. आणि जुने कपडे? ते टाकावयाचे नाहींत. कोठीच्या खोलींत नीट ठेवावयाचे. न जाणो, पुढेंमागें त्यानें मठ सोडलाच, तर त्याचे त्याला घालतां यावे. प्रतिज्ञापत्र मात्र परत मिळावयाचें नाहीं, तें मठांतच राहील. त्या कपड्यांच्या गांठोड्यापाशीं मी पुष्कळ वेळ थांबलों.

त्याच पुस्तकांत असेंहि आहे कीं, महत्त्वाच्या प्रसंगीं मठाधिपतीनें सर्वांना बोलावून विचारावें, कारण धाकट्याला कित्येकदां अधिक चांगलें सुचतें. आणि न झेपणारें काम कोणास सांगितलें तर त्यानें आपली अडचण सौम्यपणें बोलून दाखवावी, मग पुढें जें ठरेल तें करावें. एकत्र कुटुंबांतल्या कर्त्या पुरुषांनीं हीं दोन प्रकरणें अवश्य वाचावीं.

आजचा नियमहि याच वळणाचा आहे. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणें किमान एक वर्ष उमेदवारी, नंतर निदान तीन वर्षें मुदतीचीं व्रतें, आणि वयाचीं एकवीस वर्षें पुरीं झाल्याखेरीज अखेरचें व्रत नाहीं. भारी दहशतीनें किंवा कपटानें घेवविलेलें व्रत मुळांतच रद्द.

असे नियम करावे लागतात, कारण तसें घडत असतें. सतराव्या शतकांतल्या व्हेनिसमध्यें सरदार घराण्यांतील मुलींचे हुंडे इतके वाढले होते कीं, एकीचें लग्न करून बाकीच्यांना मठांत धाडणें बापांना स्वस्त पडे. मठालाहि हुंडा लागे, पण थोडा. वास्तविक ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें १५६३ मध्येंच ठरविलें होतें कीं, मुलीनें व्रत घेण्यापूर्वीं बिशपनें अथवा त्याच्या प्रतिनिधीनें तिची इच्छा विचारून घ्यावी, आणि तिच्यावर जबरदस्ती करणारा बहिष्कृत समजावा. कागदोपत्रीं सर्व ठीक. पण बापाच्या धाकांत वाढलेली मुलगी 'होय' यापलीकडे काय बोलणार? आर्कांजेला ताराबोत्ती (१६०४-१६५२) ही अशीच लहानपणीं मठांत घातलेली मुलगी; सारें आयुष्य तिनें तेथेंच काढलें. तिनें लेखणी उचलून बापांच्या जुलमावर ग्रंथ लिहिला. मनुष्याला इच्छास्वातंत्र्य ईश्वरानें दिलें, तें बापानें हिरावून घ्यावें आणि पुन्हा तो ईश्वराच्याच नांवानें, यावर तिचा सारा रोष आहे. ग्रंथ तिच्या मृत्यूनंतर १६५४ त छापला गेला, आणि रोमनें तो निषिद्ध ग्रंथांच्या यादींत घातला.

हें वाचतांना माझ्यापुढें व्हेनिस उभें राहीना. आमचें माजघर उभें राहिलें. माझ्या वडिलांची आत्या, आम्ही मुलें तिला आत्याआजी म्हणत असूं, नवव्या वर्षीं विधवा झाली होती. लाल आलवण, एक वळकटी, एक तांब्या आणि जपाची माळ. तिचें म्हणावें असें एवढेंच. अपरिग्रह, ब्रह्मचर्य, आज्ञापालन, तिन्ही तिनें साठ वर्षें अखंड पाळलीं. घर तिला साध्वी म्हणे. पण तिला कोणी विचारलें नव्हतें. दारांत चार दिवस थांबविलें नव्हतें, नियम तीनदां वाचून दाखविले नव्हते, आणि तिचें हिरवें लुगडें कोणी कोठीच्या खोलींत जपून ठेविलें नव्हतें. तिच्या पुण्याईविषयीं मला तिळमात्र शंका नाहीं. परंतु त्याला व्रत म्हणावयास माझी जीभ वळत नाहीं.

स्वेच्छेनें घेतलें म्हणून व्रत हलकें होतें असें मात्र नव्हे. मदर टेरेसा १९२८ मध्यें लॉरेटो संघांत गेल्या. १९३१ त दार्जिलिंग येथें पहिलीं व्रतें, १९३७ त अखेरचीं. कलकत्त्यास त्या मुलींना शिकवीत, पुढें मुख्याध्यापिकाहि झाल्या. १९४६ च्या सप्टेंबरांत दार्जिलिंगच्या गाडींत त्यांना वाटलें कीं, ईश्वर आपणांस मठाबाहेर, अत्यंत गरिबांत बोलावीत आहे. तुम्हीं आम्हीं काय केलें असतें? दुसऱ्या दिवशीं चालूं लागलों असतों. त्यांनीं वरिष्ठांना कळविलें. आर्चबिशपांनीं थांबावयास सांगितलें, त्या थांबल्या. पत्रांमागून पत्रें लिहिलीं, विनवण्या केल्या, पण परवानगीवांचून पाऊल उचललें नाहीं. व्रतें कायम ठेवून बाहेर राहण्याची मुभा रोमहून आली ती १९४८ त, आणि ऑगस्टांत निळ्या काठांची पांढरी साडी नेसून त्या निघाल्या. कलकत्त्यांत दंगे, उपासमार, आणि आंत परवानगीची वाट पाहणें! हें मला अवघड वाटतें, अजूनहि वाटतें.

याहून कठीण गोष्ट पुढें आहे. त्या १९९७ मध्यें वारल्या आणि दहा वर्षांनीं त्यांचीं खासगी पत्रें प्रसिद्ध झालीं. त्यांवरून दिसतें कीं, नवें काम सुरू झालें तेव्हांपासूनच ईश्वर जवळ असल्याची जाणीव त्यांना सोडून गेली, आणि मधला अगदीं थोडा काळ वगळतां ती परत आली नाहीं. जवळजवळ पन्नास वर्षें! कित्येकांनीं यावरून ढोंगाचा आरोप केला. मला तो पटत नाहीं. मन भरून आलेलें असतां पूजेला बसावयास संकल्प कशाला लागतो? संकल्पाचें काम मन कोरडें पडल्यावर. आपल्या भगिनींना त्यांनीं एक चौथें व्रत लावून दिलें होतें, अत्यंत गरिबांची मनापासून आणि विनामूल्य सेवा. तें त्यांनाहि लागू होतेंच. आंत सगळें निःशब्द झालेलें, तरी त्या पहाटे उठत, इतर भगिनींबरोबर गुडघे टेकून प्रार्थना म्हणत, आणि मग आपल्या कामाला लागत.