वऱ्हाडची राजकुमारी, इस्तंबूलची मुलगी

पिंपळगाव राजा,
ता. खामगाव, जि. बुलढाणा

चि. ऋतुजा,

तुझं पत्र पोचलं. इस्तंबूलच्या शेवटच्या खलिफाच्या मुलीबद्दल वाचताना तिच्या नावापुढे ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’ असं आलं आणि हे बेरार म्हणजे आपलंच वऱ्हाड की दुसरं कुठलं, असं तू विचारलंस. आपलंच. ज्या मुलखात पिंपळगाव, खामगाव, शेगाव, अकोला, अमरावती आहेत, तोच. बोस्फरसच्या काठी जन्मलेली मुलगी या पऱ्हाटीच्या मुलखाची राजकुमारी कशी झाली, हे फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तू राहतेस त्या इस्तंबूलचं, तेव्हाच्या कॉन्स्टँटिनोपलचं, बघू. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३० साली तिथे राजधानी केली. पुढे थिओडोसियस दुसरा याच्या कारकिर्दीत जमिनीच्या बाजूने जी तटबंदी झाली, तिने हजार वर्षं शहर राखलं. पण नुसत्या तटावर शहर जगत नाही. त्याला धान्य लागतं आणि महसूलही लागतो. सातव्या शतकात अरबांनी इजिप्त घेतलं आणि नाईलच्या काठचा गहू बंद झाला. मग भिस्त राहिली ती जवळच्या मुलखावर, युरोपच्या बाजूला थ्रेस आणि समुद्रापलीकडे बिथिनिया. १२०४ मध्ये पश्चिमेकडच्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनीच शहर लुटलं, तेव्हा परागंदा झालेल्या दरबाराने बिथिनियातल्याच नायसीया गावी सत्तावन्न वर्षं संसार मांडला आणि तिथूनच १२६१ मध्ये राजधानी परत मिळवली. म्हणजे राजधानी गेली तरी मुलूख हाती होता, म्हणून राज्य तगलं.

पुढे उलटं झालं. उस्मानी तुर्कांनी १३२६ मध्ये बुर्सा आणि १३३१ मध्ये नायसीया घेतलं. त्यानंतर काही दशकांत थ्रेसमधलं एदिर्नेही त्यांच्याकडे गेलं. तट जागेवर होते, आया सोफियाचा घुमट जागेवर होता, सम्राट स्वतःला ‘रोमनांचा सम्राट’ म्हणवत होता, पण राज्य म्हणजे शहर आणि तुकड्यातुकड्यांनी उरलेला थोडा प्रदेश. २९ मे १४५३ रोजी एकवीस वर्षांच्या सुलतान मेहमेदने शहर जिंकलं, शेवटचा सम्राट कॉन्स्टंटाइन अकरावा लढता लढता पडला, आणि मेहमेदने स्वतःच ‘कैसर-इ-रूम’ ही पदवी घेतली. गंमत पुढेच आहे. मेलेल्या सम्राटाचा पुतण्या आंद्रेआस रोममध्ये पोपच्या आश्रयाने राहत होता. त्याच्याकडे गजभरही जमीन नव्हती. त्याने १४९४ मध्ये सम्राटपदाचा हक्क फ्रान्सच्या राजाला विकला, आणि मरताना तोच हक्क स्पेनच्या राजाराणीच्या नावे करून गेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि इथे तर पीळ बाजारात विकला गेला.

आता खलिफाची ती मुलगी ज्या घरात सून म्हणून गेली, त्या हैदराबादच्या निजामाकडे येऊ. त्याच्या राज्याचा पाया आपल्याच जिल्ह्यात घातला गेला, हे तुझ्या शाळेच्या पुस्तकात नसणार. सिंदखेड राजा तालुक्यात साखरखेर्डा आहे, तेव्हाचं शकरखेडा. ऑक्टोबर १७२४ मध्ये तिथे निजाम-उल-मुल्क आणि मुघल सुभेदार मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान मारला गेला, निजामाने गावाचं नाव फतेहखेडा ठेवलं आणि दक्षिणेत त्याचा जम बसला. पण वऱ्हाड एकट्या निजामाचं नव्हतं. नागपूरकर भोसल्यांचाही इथल्या महसुलावर वाटा होता, म्हणून त्या कारभाराला दुअंमल म्हणत. १८०३ मध्ये अडगाव आणि गाविलगड इथे भोसल्यांचा पराभव झाला, देवगावचा तह झाला आणि त्यानंतर वर्धा नदीच्या अलीकडचं वऱ्हाड इंग्रजांच्या कृपेने निजामाला मिळालं.

कृपेची किंमत लवकरच वसूल झाली. निजामाने पोसायच्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी चालवायच्या फौजेचा, म्हणजे हैदराबाद कंटिंजंटचा, खर्च थकला. गव्हर्नर जनरल डलहौसीने १८५३ मध्ये त्या कर्जापोटी वऱ्हाड आपल्या कारभारात घेतलं. मालकी निजामाची आणि कारभार इंग्रजांचा. त्यात इंग्रजांची नजर कशावर होती ते सांगायला नको. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगाव कापसाची मोठी बाजारपेठ झालं. जलंब ते खामगाव ही आठ मैलांची रेल्वे १८७० मध्ये खास या कापसासाठी सुरू झाली आणि उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. एवढं दुभतं जनावर कोण परत करतो? निजामाचा दिवाण सालारजंग याने पुष्कळ खटपट केली, उपयोग झाला नाही. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतलं, वर्षाला पंचवीस लाख रुपये खंड ठरवून. पुढल्या वर्षी ते मध्य प्रांताला जोडलं गेलं.

सातवा निजाम मीर उस्मान अली खान याला हे सलत होतं. १९२० च्या दशकात त्याने वऱ्हाड परत मागितलं. मार्च १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने उत्तर धाडलं, की हिंदुस्थानात इंग्रजांचं सार्वभौमत्व सर्वोच्च आहे आणि कुठलाही संस्थानिक त्यांच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करू शकत नाही. जगातला सर्वांत श्रीमंत मानला जाणारा माणूस गप्प बसला.

त्याच सुमारास तुझ्या शहरात दुसरा दरबार मोडत होता. नोव्हेंबर १९२२ मध्ये तुर्कस्तानात सुलतानपद रद्द झालं. अब्दुलमजीद दुसरा हा उत्तम चित्रकार असलेला राजपुत्र नुसता खलिफा म्हणून राहिला. ३ मार्च १९२४ रोजी खिलाफतही गेली आणि कुटुंबासह त्याला देशाबाहेर काढण्यात आलं. त्याची मुलगी दुर्रुशहवार तेव्हा दहा वर्षांची होती. ज्या खिलाफतीसाठी गांधीजी आणि अली बंधूंनी इकडे देशव्यापी आंदोलन केलं, ती तुर्कांनी स्वतःच संपवली. फ्रान्समध्ये नीस इथे राहणाऱ्या या कुटुंबाला निजाम दरमहा पैसे पाठवू लागला. अली बंधूंपैकी शौकत अलींनी मध्यस्थी केली आणि नोव्हेंबर १९३१ मध्ये नीसलाच निजामाचा थोरला मुलगा आझम जाह आणि दुर्रुशहवार यांचं लग्न झालं. धाकट्या मुलाचं लग्न उस्मानी घराण्यातल्याच नीलोफरशी लागलं. एकाकडे अमाप पैसा होता आणि दुसऱ्याकडे सहा शतकांचं घराणं, पण राज्य कुठलंच नाही. व्यवहार दोघांनाही परवडला.

आता पदवीकडे येऊ. १९३६ मध्ये इंग्रजांनी निजामाशी नवा करार केला. वऱ्हाडवर निजामाचं सार्वभौमत्व मान्य केलं, कारभार मात्र मध्य प्रांताबरोबर होता तसाच ठेवला. समाधान म्हणून निजामाला ‘हैदराबाद आणि बेरारचा निजाम’ म्हणायचं ठरलं आणि त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’. अशी ती वऱ्हाडची राजकुमारी झाली. अमरावतीच्या कचेरीतला एक कारकूनही तिच्या हुकमाने हलत नव्हता आणि पिंपळगावच्या कास्तकाराचा सारा तिच्या घरी जात नव्हता. मुलूख हातून गेला की पदवी लांबते, हे आंद्रेआसच्या काळात जितकं खरं होतं तितकंच इथेही ठरलं.

तरी तिला हसू नकोस. ती शिकलेली, करारी बाई होती. हैदराबादेत तिच्या नावाचं मुलांचं रुग्णालय आहे, आणि लोकांच्या उपयोगी पडलेलं ते नाव कुठल्याही पदवीपेक्षा जास्त टिकेल. बापाची कथा मात्र करुण आहे. अब्दुलमजीद १९४४ मध्ये पॅरिसला वारला. निजामाने त्याच्यासाठी खुलताबादजवळ कबर बांधवली होती, ती रिकामीच राहिली. दहा वर्षांनी त्याला मदिनेत दफन केलं. त्याच खुलताबादेत शकरखेड्याचा विजेता पहिला निजाम पुरलेला आहे.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान संपलं. १९५६ मध्ये वऱ्हाडसह विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. प्रिन्स ऑफ बेरार कधीच निजाम झाला नाही, कारण उस्मान अलीने मुलाला डावलून नातू मुकर्रम जाह याला वारस नेमलं. दुर्रुशहवार २००६ मध्ये लंडनला वारली. तिचा मुलगा मुकर्रम जाह नीसला जन्मला, बरीच वर्षं ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या कुरणावर राहिला आणि १४ जानेवारी २०२३ रोजी तुझ्या इस्तंबूलमध्येच वारला. त्याला हैदराबादच्या मक्का मशिदीत आणून पुरलं.

ऋतुजा, इतिहास वाचताना राजवाडे आणि पदव्या आधी दिसतात, कारण त्यांची कागदपत्रं आणि चित्रं उरतात. तू मात्र दर वेळी एवढं विचारत जा, की या राजधानीला धान्य कुठून येत होतं आणि सारा कोण भरत होतं. कॉन्स्टँटिनोपलचं उत्तर थ्रेस आणि बिथिनियाच्या शेतांत सापडतं, हैदराबादचं आणि मँचेस्टरचं वऱ्हाडच्या वावरांत. तिथले तट तू पाहशीलच, पण एखादा रविवार काढून नायसीयाला, आताच्या इझनिकला जाऊन ये. आणि दिवाळीत आलीस की आपण साखरखेर्ड्याला जाऊ. तिथवर एसटी जाते.

तुझा,
मामा