कशाचा तरी मुलगा

नोकरीनिमित्त आम्ही उभयता टेक्सासच्या दक्षिण टोकाला आलो. आमच्या कौंटीचं नाव हिडाल्गो. मूळ स्पॅनिश उच्चार इदाल्गो. मेक्सिकोत १८१० साली स्वातंत्र्याची हाक देणारे धर्मगुरू मिगेल इदाल्गो यांचं हे नाव.

शब्द मात्र जुना, स्पेनमधल्या धाकट्या सरदारवर्गाचा. 'इहो दे आल्गो' म्हणजे 'कशाचा तरी मुलगा'. कशाचा, तर मालमत्तेचा, मानमरातबाचा. इदाल्गोला कर माफ. म्हणून हा दर्जा सिद्ध करायला लोक कोर्टात वंशावळी मांडत. खिशात दमडी नसली तरी कष्टाचं काम कमीपणाचं! सर्व्हान्तेसचा दोन किहोते (१६०५) त्यातलाच.

आपल्याकडेही पारावरची म्हातारी माणसं विचारतातच, "कोणाचा रे तू?" इथे तसं कोणी विचारत नाही. सुरुवातीला बरं वाटलं, मग चुकल्यासारखं वाटू लागलं.

पण गंमत पुढेच आहे. १५७३ साली राजा दुसरा फिलिप याने फर्मान काढलं की, समुद्रापार नवी वस्ती वसवणारे आणि त्यांचे वंशज तिथे इदाल्गो मानावेत. म्हणजे बापाकडून न आलेला मान घर सोडून मिळवता येऊ लागला. अर्थात, त्या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं.

आम्ही दोन सुटकेसेस घेऊन उतरलो. मुलांसाठी आमचं 'आल्गो' काय? घर तर बँकेचं! निदान कोणी विचारलंच, तर आजोबांचं गाव त्यांना मराठीत सांगता यावं. तेवढी इस्टेट कर्जाशिवाय देता येते.