वाढप्याचे पान

खवय्यांचे कौतुक आपण सारेच करतो. वाढप्याचे कौतुक करणारा मनुष्य मात्र विरळा! म्हणूनच सातासमुद्रांपलीकडे कोणी एका वाढणारणीला चक्क नायिका केले आहे, हे कळताच मला मोठी मौज वाटली.

‘डायनर डॅश’ हा तो संगणकावरचा खेळ. न्यू यॉर्कच्या गेमलॅब मंडळींनी तो २००३-०४च्या सुमारास काढला. फ्लो नावाची मुलगी शेअरबाजारातली नोकरी सोडून खाणावळ चालवू लागते. गिऱ्हाइकाला टेबलाशी बसवा, मागणी घ्या, ती आत पोचवा, ताट आणा, पैसे घ्या, उष्टी भांडी उचला! प्रत्येकाच्या डोक्यावर पत्त्यांतल्यासारखे बदाम असतात. वाट पाहता पाहता ते एकेक करून विझतात. शेवटचा विझला, की स्वारी रागारागाने चालती होते. एकच काम लागोपाठ चारदोन टेबलांवर उरकले, तर ज्यादा गुण. माझी नात हे सारे अशा चपळाईने करते, की बघणाऱ्यालाच धाप लागावी.

पण ही युक्ती आमच्या गडचिरोलीकडल्या कोणत्याही वाढप्याला ठाऊक आहे. वरणाची बादली घेतलेला गडी ओळीच्या टोकापर्यंत वरणच वाढत जातो. मागून भाजीवाला, त्याच्यामागून बुंदीवाला. डोक्यावरचे बदाम काही त्याला दिसत नाहीत. पळसाच्या पत्रावळीवर कोणाची बोटे उगाच रेघोट्या ओढू लागली, की त्याला उमगते, इथला भात संपला.

फरक आहे तो पुढेच. खेळात टेबल जितके लवकर रिकामे होईल तितके बरे. पंगतीत मात्र सगळे एकदम उठतात. तरण्या पोराचे पान केव्हाच साफ झालेले असते. पण शेजारचे बिनदातांचे आजोबा अजून कढीभात कालवीत असतात. त्यांचा घास संपेपर्यंत साऱ्या ओळीने थांबायचे! त्यातच कोणीतरी “घ्या ना जी, एवढीशीच!” म्हणून पुन्हा बुंदी वाढतो. पंगतीचे घड्याळ सर्वांत सावकाश जेवणाऱ्याच्या हाती असते.

आणि शेवटची ओळ असते वाढप्यांची. मग घरधनी स्वतः हाती ओगराळे घेतो. दिवसभर दुसऱ्याची पाने पाहणाऱ्याचे पान त्या वेळी कोणीतरी पाहत असते.

आता आमच्याकडेही उभ्याने जेवायची पद्धत शिरली आहे. ज्याने त्याने आपले वाढून घ्यावे. सोय होते, हे खरे. पण वाढपीच नाही, तिथे ती शेवटची ओळ तरी कुठून असणार?

नातीला मी विचारले, “काय गं, ही फ्लो जेवते केव्हा?”

तिने मान वर न करता सांगितले, “आजोबा, तसे बटणच नाही.”

तुळशीचे लग्न लागले, की आमच्या नात्यात एक कार्य आहे, आणि तिथे अजून पंगत बसते. वरणाची बादली नातीच्या हाती द्यायची, असे मी ठरवून टाकले आहे. रात्री शेवटच्या ओळीत ती दमून बसेल, तेव्हा तिच्या पानावर पहिला भात मीच वाढणार आहे.