फ्रीझरमधले जेवण आणि घरातील वडीलधारी

घरातील वृद्धांची देखभाल कशी चालली आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर औषधांच्या डब्याइतकेच फ्रीझरचेही दार उघडून पाहावे, असे माझे मत झाले आहे. मुलुंडच्या आमच्या घरात ८४ वर्षांच्या सासूबाई दिवसभर एकट्या असतात. आम्ही दोघे सकाळच्या लोकलने जातो, ते सातनंतरच परततो. संधिवाताने त्यांची बोटे वाकली आहेत. शिवाय सकाळी इन्सुलिन घेतले की दुपारचे जेवण वेळेवर पोटात जायलाच हवे. नाहीतर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरते.

खरी अडचण निराळीच होती. "फ्रीजमधले म्हणजे शिळेच की गं," असे म्हणून त्या अर्धे ताट बाजूला सारत. कोकणात वाढलेल्या पिढीचा हा आक्षेप मला चुकीचा वाटत नाही. त्यावर उपाय एकच सापडला: काय गोठवायचे ते त्यांनीच ठरवायचे. आता रविवारी त्या खुर्चीवर बसून मटार सोलतात, मुगाच्या आमटीची चव पाहतात आणि एका जेवणापुरते लहान डबे भरून घेतात. स्वतः भरलेल्या डब्याला त्या शिळे म्हणत नाहीत.

पदार्थ निवू द्यावा, मात्र शिजल्यापासून दोन तासांच्या आत तो डबा आत गेला पाहिजे. चिकटपट्टीवर तारीख ठळक अक्षरांत लिहावी. उणे १८ अंशांवर जंतूंची वाढ थांबते, सगळे जंतू मरत नाहीत. म्हणून गोठलेला डबा दिवसभर ओट्यावर ठेवून वितळवू नये. आदल्या रात्री तो फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवावा, जेवताना चांगली वाफ येईपर्यंत गरम करावा आणि उरलेले पुन्हा गोठवू नये. एकदारी फ्रीजचा बर्फाचा कप्पा बहुधा तेवढा थंड नसतो. तिथे आठवड्याचाच साठा बरा.

इन्सुलिनचे मात्र उलट आहे. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंशांची थंडी लागते, त्याहून अधिक नव्हे. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर नितळ दिसले, तरी टाकूनच द्यावे. बर्फाच्या कप्प्यालगत ते कधीही ठेवू नये. मधल्या फळीवर, छोट्या डबीत ठेवावे.

वीज गेली तर? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरांतील कित्येक वस्त्या अंधारात होत्या. १२ ऑक्टोबर २०२० रोजी तर पाऊस नसतानाही मुंबईची वीज गेली. अशा वेळी दार उघडू नये. गच्च भरलेला फ्रीझर बंद राहिला तर सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४. खालचा फ्रीज जेमतेम चार तास. आपण गावी जाणार असाल, तर वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवून जावे. परतल्यावर नाणे बर्फाच्या तळाशी दिसले, तर मागे सगळे वितळून पुन्हा गोठले आहे असे समजावे आणि ते अन्न घरातील वृद्धांच्या पानात वाढू नये.

यंदा मे महिन्यात सासूबाईंनी हापूसचा रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायला लावला. डॉक्टरांनी एका वेळी एकाच वडीची मुभा दिली आहे. श्रावणातल्या सोमवारांचा हिशेब त्यांनी आधीच मांडून ठेवला आहे.