सुरू

पालमला समुद्र नाही. गोदावरी आहे, काळी माती आहे, बांधावर बाभळी आणि लिंब आहेत. तरी आमच्या शाळेच्या कुंपणाला सुरूची झाडं होती, कुणीतरी हौसेनं लावलेली. मधल्या सुट्टीत आमचा खेळ ठरलेला: हिरवी काडी एका पेरावर हळूच उपटायची, परत जागेवर बसवायची आणि गड्याला विचारायचं, "वळख, कुठं तोडली?" भलेभले हरायचे.

त्या खेळामागचं शास्त्र पुढं परभणीला कृषी विद्यापीठात कळलं. ती काडी म्हणजे पान नव्हेच, डहाळी. खरी पानं पेरापेरावर सहा-आठ इवल्या दातांचं कडं होऊन उरलेली. अन्न डहाळीच तयार करते, म्हणून पाणी कमी उडतं. फळ शंकूसारखं असलं तरी पाईनशी नातं नाही. सुरू सपुष्प वनस्पती आहे. मुळांच्या गाठींतले फ्रँकिया नावाचे जिवाणू हवेतला नत्र बांधतात, त्यामुळे हे झाड निव्वळ वाळूतही तगतं.

नावं मात्र सगळी उसनी! फारसीत 'सर्व' म्हणजे सायप्रस. आपलं 'सुरू' तिथलं. लिनियसनं १७५९ मध्ये 'कॅज्युअरिना इक्विसेटिफोलिया' म्हटलं: पहिला शब्द कॅसोवरी पक्ष्याच्या लोंबत्या पिसांवरून, दुसरा इक्विसेटम या पेरापेराच्या वनस्पतीवरून. ऑस्ट्रेलियात इंग्रजांना लाकूड ओकसारखं दिसलं, पण प्रतीनं कमी वाटलं, म्हणून 'शी-ओक'. कमअस्सल ते बाईचं, हा न्याय तिकडंही होताच. गंमत अशी, की ओक आणि सुरू आज खरोखरच फॅगेल्स या एकाच गणात मोडतात.

नोकरीच्या निमित्तानं कोकण पाहिलं. दिवेआगरच्या बनात वारा सुटला की समुद्राचा आवाज कुठला आणि झाडांचा कुठला, कळत नाही. एकोणिसाव्या शतकात मद्रासच्या किनाऱ्यावर सुरू लावली ती रेल्वे इंजिनांच्या सरपणासाठी. आता तीच बनं वाळू आणि वारा अडवतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडच्या किनाऱ्यावर हीच झाडं आडवी झाली.

पालमची गोष्ट वेगळी. आपली भारी जमीन पावसाळ्यात पाणी धरून बसते. सुरूला निचरा लागतो. शिवाय खाली गळालेल्या काड्या लवकर कुजत नाहीत, गवतही धड उगवत नाही. नत्र तर बाभूळही देते, वर शेळ्यांना शेंगा. तेव्हा यंदा झाडं लावणार असाल तर शोभेच्या सुरूमागं लागू नका. बांधावर बाभूळ आणि लिंबच लावा.