न फुटलेलं अंडं फेकू नका, फोडून बघा



आज बदकाच्या अंड्यांबद्दल लिहितो. यात चूक माझी आहे, आणि त्या चुकीपायी मी आमच्या वाडीतल्या एका वयस्कर काकीला चारचौघांत नको ते बोललो. तेही लिहितो. नुसती माहिती काय, कुणीही देईल.

गेल्या आषाढात मी घरगुती उबवणी मशीन घेतलं. पंखा आहे, तापमान आपोआप राखतं. काकीकडून २४ अंडी आणली. २८ दिवस झाले, पिल्लं निघाली ३. बाकीची २१ अंडी मी उकिरड्यात पुरली. दुसऱ्या दिवशी दुकानावर काकी भेटली, तिला सगळ्यांसमोर म्हटलं, "काकी, शिळी अंडी दिलंस माका." ती एवढंच बोलली, "अंडी माजी, पण मशीन तुजा मां?" संध्याकाळी नातवाकडून पैसे परत पाठवले. आणि मी ते घेतले.

नंतर कळलं, त्याच आठवड्यातली ९ अंडी तिनं खुडूक कोंबडीखाली रवणीला बसवली होती. त्यातली ७ निघाली. तरी माझं डोकं ठिकाणावर आलं नाही. म्हटलं, चांगली अंडी स्वतःला ठेवली असतील.

दुसऱ्या वेळी दुसऱ्या गावातून २४ अंडी आणली. पिल्लं निघाली ४. शिवाय दोघांनी आतून टोच मारली होती. सकाळी टोच मारलेली, दुपारपर्यंत बाहेर नाहीत म्हणून मी नखानं कवच सोलायला घेतलं. बायको नको म्हणत होती. आतल्या पडद्यातून रक्त यायला लागलं. दोन्ही माझ्या हातातच गेली. बदकाचं पिल्लू टोच मारल्यावर २४ ते ४८ तास घेतं. तेवढ्यात पडद्यातलं रक्त आणि उरलेला बलक ते पोटात ओढून घेत असतं. हे मला नंतर समजलं.

तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "अंडी फेकू नका. एकेक फोडा आणि पिल्लू कितव्या दिवशी मेलं ते लिहून काढा."

मागच्या केळीत बसून १८ अंडी फोडली. काम घाणेरडं आहे, मन लागत नाही, पण करावं. निघालं ते असं:

२ अंडी कोरी. फळलीच नव्हती. पाच-सहा माद्यांमागे एक धडधाकट नर हवा, तो कमी पडला की अशी अंडी वाढतात.

१ अंड्यात रक्ताचं कडं. म्हणजे पहिल्या आठवड्यातच मेलेलं. अंडी फार दिवस साठवली, प्रवासात हादरली किंवा सुरुवातीला तापमान वर-खाली झालं की असं होतं. अंडी आठवड्याच्या आत, निमुळतं टोक खाली ठेवून साठवावीत.

१ सडलेलं. हे चिखलानं माखलेलं होतं, मी थंड पाण्यानं धुतलं होतं. थंड पाण्यानं अंडं आकसतं आणि कवचाच्या छिद्रांतून घाण आत ओढली जाते. माखलेलं अंडं मशीनमध्ये ठेवूच नये. थोडं मळलेलं असेल तर कोरडं पुसावं.

आणि १४ अंड्यांत पूर्ण वाढलेली पिल्लं. पिसं आलेली, चोच तयार. पण अंग सुजलेलं, ओलं, अंड्यात पाणी साचलेलं. जाड टोकाकडची हवेची पोकळी अगदी लहान. पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीतच घेतं. इथे जागाच नव्हती. पिल्लं आत बुडून मेली होती.

चौदाच्या चौदा एकाच तऱ्हेनं. मग काकीच्या अंड्यांचं काय झालं असणार ते सांगायला नको. शिळ्या अंड्यातलं पिल्लू बहुतेक सुरुवातीलाच जातं. २६ दिवस वाढून शेवटाला मेलं, तर आधी आपलं मशीन तपासावं. काकीची अंडी मी न फोडता पुरली होती, आणि दोष मात्र तिला लावला होता.

पाणी जास्त कुठून झालं? मला कुणीतरी सांगितलेलं, बदक पाण्यातला पक्षी, त्याला ओल जास्त लागते. म्हणून पहिल्या दिवसापासून पाण्याचे दोन्ही ट्रे भरलेले. आर्द्रतेचा मीटर ६० दाखवत होता, म्हणून मी निश्चिंत. मग मीटरच तपासला. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, थेंब-थेंब पाणी घालून ओलसर करायचं, विरघळवायचं नाही. ते झाकण आणि मीटर एका प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून रात्रभर ठेवायचं. मीटर बरोबर असेल तर ७५ च्या जवळ दाखवतो. माझा ६२ दाखवत होता. म्हणजे तो ६० म्हणत होता तेव्हा मशीनमध्ये खरी आर्द्रता ७३ होती. तापमान तापाच्या डिजिटल थर्मामीटरनं तपासलं, ते ३७.५ बरोबर होतं.

आपल्या कोकणातल्या पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की ती ३७.५ अंशाला तापवली तरी पाण्याचा थेंब न घालता आर्द्रता ५० च्या आसपास राहते. हिवाळ्यात कोरड्या हवेत हेच मशीन पाणी मागतं. म्हणून कागदावरचा एकच आकडा बारा महिने चालत नाही.

खरा हिशोब वजनाचा आहे. बदकाच्या अंड्याचं वजन २५ व्या दिवसापर्यंत साधारण १३ टक्के कमी व्हायला हवं. गणपतीनंतर २० अंडी ठेवली, पाचांवर खूण केली आणि मसाल्याच्या काट्यावर तोलली. पाचांचं मिळून ३५० ग्रॅम. सातव्या दिवशी ३३७, चौदाव्याला ३२५, पंचविसाव्याला ३०५. वजन कमी उतरत असेल तर पाणी काढा, जास्त उतरत असेल तर घाला. ट्रे मी जवळजवळ कोरडेच ठेवले. दिवसातून पाच वेळा अंडी फिरवली. २५ व्या दिवशी फिरवणं बंद, आणि तेव्हा कुठे पाणी भरून खरी आर्द्रता ७० च्या वर नेली. बाहेर येताना पडदा सुकून चिकटू नये म्हणून शेवटाला ओल लागतेच. त्यानंतर झाकण उघडलं नाही.

२७ व्या दिवशी संध्याकाळी पहिली टोच दिसली. रात्र गेली, दुसरा दिवस गेला. मी दोनदा झाकणाला हात लावला, बायकोनं दोनदा काढला. दुसऱ्या रात्री पिल्लू आपलं आपण बाहेर आलं.

२० पैकी २ कोरी, १ रक्ताचं कडं, १४ पिल्लं जिवंत. उरलेली ३ पुन्हा फोडली. एकाची चोच निमुळत्या टोकाकडे होती, म्हणजे अंडं मी उलटं ठेवलेलं. दोन मशीनच्या एकाच कोपऱ्यातली, तिथे तापमान अर्धा अंश कमी निघालं. आता दर दोन दिवसांनी अंड्यांच्या जागा बदलतो.

थोडक्यात ध्यानात ठेवा. पोकळी लहान आणि पिल्लू ओलं, तर पाणी जास्त. पोकळी मोठी आणि पडदा पिल्लाला चिकटलेला, तर पाणी कमी. २६ व्या दिवशीच घाई करून निघाली, बेंबी ओली, तर तापमान जास्त. तिसाव्या दिवसापर्यंत रेंगाळली, तर कमी.

पिल्लं आठ दिवसांची झाल्यावर काकीकडे गेलो. तिचे पैसे दिले, सहा पिल्लं दिली. आणि दुकानावर बोललो होतो म्हणून दुकानावरच उभं राहून सांगितलं की अंडी चांगली होती, चूक माझी होती. पैसे तिनं मोजून घेतले. पिल्लांपैकी दोन परत केली, म्हणाली सहा जास्त होतात.

कुणाची अंडी निघाली नसतील तर कितव्या दिवशी मेली आणि आत काय दिसलं ते लिहा. अंडी देणाऱ्याला मात्र फोडून बघितल्याशिवाय बोलू नका.