निळा कोल्हा आणि मी

गळीत हंगामात रात्रपाळी असली की पहाटे तीनच्या पुढं अंगात त्राण राहत नाही. गव्हाणीत ऊस पडत असतो, मिलचे रोलर फिरत असतात, चिपाडाचा वास नाकात बसलेला असतो. अशा वेळी भवानीनगरच्या चारी अंगच्या उसातून कोल्हे ओरडायला लागतात. एकानं सुरू केलं की दुसरा, मग तिसरा, मग पार कालव्यापलीकडचे. आमच्या पाळीतला एक जण दरवेळी म्हणतो, "झाली सुरू कोल्हेकुई." सगळे हसतात. मी हसत नाही. मला त्या कोल्ह्यांचं एक देणं आहे. ते कसं झालं ते सांगतो.

मी नववीतून शाळा सोडली. त्याआधीची, पाचवीतली गोष्ट. शाळेचं नाव सांगत नाही. चौदा एप्रिलची मिरवणूक झाली होती. आम्ही पोरं रात्री उशिरापर्यंत नाचलो होतो. नीळ डोक्यात, कानात, नखात. आईनं दोनदा घासलं तरी मानेवरची गेली नाही. सकाळी तसाच शाळेत गेलो. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं, हातातलं पुस्तक मिटलं आणि गोष्ट सांगायला घेतली.

एक कोल्हा होता. गावात शिरला. कुत्री मागं लागली. पळता पळता रंगाऱ्याच्या घरात निळीच्या हौदात पडला. निळा होऊन रानात गेला तर सगळे प्राणी घाबरले. म्हणाला, मला देवानं राजा करून पाठवलंय. सिंह, वाघ, लांडगा सगळे चाकरीला लागले. पण एके दिवशी लांबून कोल्ह्यांचा आवाज आला आणि ह्यानं पण तोंड वर करून हुकी दिली. सिंह-वाघांनी ओळखलं आणि फाडून खाल्लं. तात्पर्य काय? मास्तर म्हणाले, रंग लावला म्हणून जात बदलत नाही.

वर्ग हसला. शाळा सोडेपर्यंत माझं नाव 'निळा कोल्हा' पडलं.

पुढं कामाला लागलो आणि मग वाचायला लागलो. रद्दीतून, विहारातल्या कपाटातून, सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीकडं जाताना रस्त्यावरच्या पुस्तकांच्या ढिगांतून. पंचतंत्र घेतलं ते खरं तर राग म्हणून घेतलं. म्हटलं, हा कोल्हा माझ्या मागं लावला कुणी, ते तरी बघू.

पहिल्याच पानावर कळलं. अमरशक्ती नावाचा राजा. त्याची तीन पोरं मठ्ठ. विष्णुशर्मा नावाचा ब्राह्मण म्हणतो, सहा महिन्यांत ह्यांना राजनीती शिकवतो. म्हणजे ह्या गोष्टी राज्य करणाऱ्यांच्या पोरांसाठी सांगितलेल्या. त्यात सिंह राजा आहे, करटक-दमनक हे कोल्हे कारभारात आहेत, आणि संजीवक नावाचा बैल आहे. व्यापाऱ्याच्या गाडीला जुंपलेला, वाटेत यमुनेकाठी जायबंदी होतो, तिथंच टाकून देतात. पुढं सिंहाचा दोस्त होतो आणि दमनकाच्या चुगलीनं सिंहाच्याच पंजाखाली मरतो. गाडीच्या बैलाला राजाची दोस्ती मानवत नाही, असंच ते वाचताना वाटतं.

संजीवकाला निदान नाव आहे, तो बोलतो, वाद घालतो. दोस्तांनो, ऊस तोडायला बीड-नगरकडून माणसं येतात तेव्हा मोजणी कशी होते माहीत आहे? नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. मुकादम विचारतो, "किती कोयते आणलेस?" गाडीच्या बैलाला सर्ज्या म्हणून हाक मारतात आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढणारी बाई हिशेबात अर्धा कोयता असते. पुस्तकात जनावरं बोलतात. रानात माणसं हत्यारांच्या नावानं मोजली जातात. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला काढलेल्या पाक्षिकाचं नाव 'मूकनायक' का ठेवलं, ते मला केन यार्डात उभं राहून जास्त समजलं.

त्याच पंचतंत्रात आणखी एक गोष्ट आहे. सिंहिणीनं कोल्ह्याचं पिल्लू आपल्या छाव्यांबरोबर वाढवलं. हत्ती समोर आला, छावे धावून गेले, हे मागं फिरलं. सिंहीण त्याला समजावते ती अशी, की तू शूर आहेस, विद्या शिकला आहेस, दिसायलाही चांगला आहेस, पण तू ज्या कुळातला आहेस तिथं हत्ती मारत नाहीत. हे वाचलं आणि पुस्तक खाली ठेवलं. शिकलास, सगळं केलंस, पण कुळ? नोकरीच्या ठिकाणी हेच वाक्य गोड आवाजात किती जणांनी ऐकलंय, आपापल्या मनाला विचारा.

गोम इथंच आहे. आपल्या भाषेत वाघाची पण जात असते, उसाची पण जात असते आणि माणसाची पण जात असते. शब्द एकच. कोल्ह्याच्या पोटी कोल्हाच येणार हे खरं, म्हणून माणसाचं पण तसंच, असं गोष्ट न बोलता सांगून जाते. लहान पोराला कोल्हा पटतो आणि कोल्ह्याबरोबर जात पण पटते. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये स्पष्ट लिहिलंय, जात म्हणजे वेगवेगळ्या वंशांची विभागणी नव्हे, एकाच वंशाच्या लोकांची समाजानं केलेली विभागणी आहे. आणि उसाची म्हणाल तर आमच्या डोळ्यांदेखत बदलते. जुनी माणसं को ७४० ची आठवण काढतात, मग ८६०३२ आला, मग फुले २६५ आला. संकर करून माणसंच नवी जात काढतात आणि शेतकरी ती आनंदानं लावतो. मुलीच्या लग्नात संकर म्हटलं की त्याच गावात कुऱ्हाडी निघतात.

मग इसाप वाचला. मराठीत तो जुना आहे, सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी १८२८ सालीच इसापनीती आणली. पण इसाप कोण होता हे मला कुठल्या मास्तरानं सांगितलं नाही. हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार सांगतो, इसाप गुलाम होता, सॅमॉस बेटावर मालकाच्या घरी. फीड्रस नावाचा रोमन कवी, तोही गुलामीतून सुटलेला. तो म्हणतो, गुलामाला मनातलं उघड बोलता येत नव्हतं म्हणून त्यानं ते प्राण्यांच्या गोष्टीत लपवलं. प्राणी तेच, पण इथं सांगणारा खाली बसलेला आहे.

लांडगा आणि कोकरू आठवा. लांडगा ओढ्याला वरच्या अंगाला, कोकरू खालच्या अंगाला. लांडगा म्हणतो, तू माझं पाणी गढूळ केलंस. कोकरू म्हणतं, पाणी तुमच्याकडून माझ्याकडं येतंय. लांडगा म्हणतो, मागच्या साली तू मला शिव्या दिल्यास. कोकरू म्हणतं, तेव्हा मी जन्मलोच नव्हतो. मग तुझ्या बापानं दिल्या असतील, म्हणतो आणि खातो. बापाचा गुन्हा, पाण्याचा विटाळ. ह्या गुलामाला महाड कुणी सांगितलं होतं? २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती. बोल्यांचा ठराव कौन्सिलात १९२३ मध्येच पास झाला होता. माणसांनी पाणी प्याल्यावर तळं बाटलं म्हणून १०८ घागरी पंचगव्य ओतून ते शुद्ध केलं. गाईचं मूत शुद्ध आणि माणसाची ओंजळ अशुद्ध. ह्यापेक्षा मोठी प्राणीकथा कुठल्या पुस्तकात नाही.

आणि प्राण्याचं नाव आपणही घेतलं. अमेरिकेत अलाबामातल्या लाउंड्स परगण्यात काळ्या लोकांनी आपल्या पक्षाची निशाणी काळा बिबळ्या केली, तेव्हा तिथल्या गोऱ्यांच्या पक्षाची निशाणी पांढरा कोंबडा होती. १९६६ साली ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी उभी राहिली आणि १९७२ साली मुंबईत आपली दलित पँथर. मास्तरांनी ठेवलेला कोल्हा वेगळा आणि आपण होऊन घेतलेला पँथर वेगळा.

इथपर्यंतचं मी विहारात दोन-तीनदा बोललो आहे. टाळ्या पडल्या आहेत. पुढचं बोललो नव्हतो. ते आज लिहितो.

कारखान्यापासून सायकलवर वीस मिनिटांच्या एका गावात मी खोली घेतली होती. घरमालकिणीनं आडनाव विचारलं. मी गावाच्या नावाला 'कर' लावून सांगितलं. बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' हे १९६३ चं पुस्तक मी दोनदा वाचलेलं होतं, तरी चोरली. बाबासाहेबांची तसबीर पेटीत कपड्यांखाली उपडी ठेवली. काकू चांगल्या होत्या. रात्रपाळी करून आलो की स्टीलच्या कपात चहा द्यायच्या. मी त्यांच्या ओट्यावर बसून पेपर वाचायचो. सात महिने असे गेले.

मार्चच्या शेवटी माझा चुलतभाऊ जयंतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन आला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. पत्ता त्यानं कुणाकडून तरी काढला होता. काकू ओट्यावर गहू निवडत होत्या. तो दारातनंच मोठ्यानं म्हणाला, "जय भीम, दादा!"

मी म्हणालो, "कोण पाहिजे?"

तो माझ्याकडं बघत राहिला. मग काकूंकडं बघितलं, खोलीच्या दाराकडं बघितलं. सगळं त्याच्या ध्यानात आलं. म्हणाला, "न्हाई, घर चुकलं वाटतं. माफ करा, काकू." आणि गेला. त्यानं मला उघडं पाडलं नाही.

"कोण होता रे?" काकूंनी विचारलं.

"काय माहीत," मी म्हणालो.

त्या रात्री पाळीवर कोल्हे ओरडले. दुसऱ्या दिवशी मी पंचतंत्र काढून ती गोष्ट पुन्हा वाचली. मास्तरांनी गाळलेलं बरंच सापडलं. कोल्ह्याला नाव आहे, चंडरव. तो गावात शिरला तो भुकेनं. राजा झाल्यावर त्यानं पहिलं काम काय केलं? रानातले सगळे कोल्हे मानगूट धरून हाकलून लावले, ओळख लागू नये म्हणून. आणि शेवटी दरबारात बसलेला असताना लांबून कोल्ह्यांचा आवाज आला तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला, डोळे आनंदानं भरून आले आणि तो उठून ओरडला. विष्णुशर्म्यानं ही गोष्ट घातली आहे तीसुद्धा जो आपली माणसं बाहेर काढून परकी आत घेतो तो मरतो, हे सांगायला. मास्तरांनी पोराच्या मानेवरची नीळ बघून वेगळंच तात्पर्य काढलं.

मी पुस्तक धरून बसलो. चंडरव ओरडला तेव्हा त्याच्या बाजूनं उभा राहायला एक कोल्हा जवळ नव्हता. हाकलले त्यानंच होते. पण तो ओरडला तरी. मला दारात येऊन हाक मारली आणि मी तोंड उघडलं ते 'कोण पाहिजे' विचारायला.

जातकात दुसरा एक राजा आहे. मागच्या जन्माच्या पापपुण्यावर आजचा जन्म ठरतो हे बाबासाहेबांनी मान्य केलं नाही, म्हणून मी जातक जन्माचा हिशेब म्हणून वाचत नाही, गोष्ट म्हणून वाचतो. महाकपी नावाचा वानरांचा राजा. धनुर्धाऱ्यांनी झाड घेरलं. त्यानं वेत बांधून पलीकडच्या काठापर्यंत पूल केला, वेत अपुरा पडला, तेव्हा राहिलेल्या जागेत आपलं अंग ताणलं. सगळी वानरं त्याच्या पाठीवरून पार गेली. पाठ मोडली. अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्यात भिंतीवर हे चित्र आहे. त्या गोष्टीत राजाची परीक्षा कुळावर होत नाही, पाठीवर होते.

रविवारी चुलतभावाकडं गेलो. काय बोलावं कळेना. तोच म्हणाला, "दादा, खोली राहिली ना तुझी? मग झालं." चुलतीनं ताट वाढलं. घास गिळवेना.

परत आल्यावर पेटीतून तसबीर काढली आणि समोरच्या भिंतीला खिळा ठोकला. दार उघडंच ठेवलं. काकूंनी येता-जाता बघितलं. बोलल्या काही नाहीत. चहा मात्र आला नाही. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "भाचा यायचाय रे शिकायला, खोली लागंल." डिपॉझिट पैन् पै परत दिलं. मला कुणी फाडून खाल्लं नाही. आजकाल फाडत नाहीत, भाचा येतो. आता वस्तीतून येतो, सायकलवर पाऊण तास लागतो.

आपल्यातले जे कुणी शहरात, ऑफिसात, भाड्याच्या खोलीत निळीखाली लपलेत, त्यांना मी शिव्या देणार नाही. आधी भूक होती, मग कुत्री मागं लागली, मग हौद आला. कुत्री कुणी सोडली होती, ते आधी विचारू. पण आतून कोल्हे हाकलायला लागलो तर मग आपलं आपण बघायला हवं. आणि येत्या जयंतीला नीळ लागलेल्या पोरांना ही गोष्ट आपणच सांगा. मास्तरांवर सोडू नका.

चुलतभाऊ हा अंक वाचतो. त्या दिवशी दारात त्यानं मला हाक मारली होती, ओ द्यायची राहिली. इथं देतो.

जय भीम, भावा.